सायडिंगवरची दुपटी

बोईसर ठेसनाच्या कडेला एक वेगळी लाईन होती, तिला सगळी सायडिंग म्हणायची. दिवाळी झाली की तिथं मालडबे लागायचे आणि आमचे हे वखारीतल्या गवताच्या गाठी पाठीवर घेऊन त्यात भरायचे. गवत मुंबईच्या तबेल्यांत जायचं. सासू म्हणायची, आपली चूल म्हशींच्या भुकेवर पेटते. त्या म्हशी मी काय बघितल्या नायत, पण त्यांना काय होऊ नये म्हणून हात मात्र जोडायची.

पावसाळ्यात सायडिंग रिकामी. श्रावणात ऊन पडलं की रूळ तव्यावानी तापायचे, मग पोराची दुपटी मी तिथंच वाळत घालायची. पहिलंच पोर, आणि ओलं करायला नुसतं हुशार.

त्या साली तारापूरला विजेचा मोठा कारखाना बांधायला घेतलेला. ठेसनातला म्हातारा पोर्टर सांगून गेला, रेल्वेचा सायेब लाईन बघायला येणार हाय, कारखान्याचं सिमेंट उतरवायला हीच लाईन घेणार म्हणतात, गवताला नाय ठेवणार. लाईन गेली तर वखार जाणार वानगावला, आणि वखारीमागं आमचं काम. मी यांच्यामागं लागले, आता कसं व्हायचं. हे म्हणाले, "तू कशाला भितेस? तू काय मालडबा हायस, तुला कोण जोडून नेतोय?"

सायेब आला तो नेमका मी दुपटी घालताना. डोक्याला टोपी, पायात बूट, मागं पोर्टर. पळावं तर पोर कडेवर, दुपटी रुळावर, आधी काय उचलू तेच कळेना. सायेब एकेक दुपटं ओलांडत आला आणि पोर्टरला म्हणाला, गवताची लाईन म्हणून आणलंस, ही तर लंगोटांची निघाली. पोर्टर हसला. मला कुठलं हसू, माझ्या तोंडून निघूनच गेलं, सायेब, लाईन नेऊ नका.

तो घाम पुसत म्हणाला, "अहो बाई, ही लाईन सिमेंटला दिली तर तुमचं काय जातं?"

आता ठेसनात 'काय जातं' म्हणजे एकच. वखारवाला रोज पोर्टरला तेच विचारायचा, आज काय जातं, म्हणजे डब्यातून कुठला माल जातो. मला वाटलं सायेबपण तेच विचारतोय.

"गवत जातं, सायेब."

"कुठं?"

"म्हशींकडं."

पोर्टरनं तोंडावर फडकं धरलं. सायेब इतका हसला की पोर दचकून रडायला लागलं. मी त्या रडण्यातच सांगत सुटले, गवत आता माळावर उभं हाय, दिवाळीला येईल, शिमग्यापर्यंत जाईल, तेवढी लाईन ठेवा. तो म्हणाला, बघतो, म्हशींनापण विचारायला पायजे. आणि गेला.

दिवाळीपर्यंत माझा जीव टांगलेला. मग कळलं, सायडिंगचं एक टोक सिमेंटला, दुसरं गवताला. हे म्हणाले, तुझ्या बोलण्यानं नाय काय, सायेबाला दुपट्यांचा वास सोसला नसंल.

सिमेंट उतरवायला माणसं कमी पडली, तर त्यालापण यांनाच बोलावलं. पहिल्या दिवशी घरी आले ते भुतावानी पांढरे, वर केसांत गवत. पोरानं बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. हे दारातच उभे, आत यायची चोरी.

सासू म्हणाली, "एकाची दोन कामं झाली ती बरी झाली. आता विहिरीवर जा, पोराला बाप वळखू येऊ दे."