घोडा हलेना

आमचे साडू शब्दकोशाच्या कार्यालयात अर्थ लिहितात आणि तिथली व्यवस्था मी पाहतो, त्यामुळे त्यांचा ताप मला घरीही आहे आणि कामावरही. त्यांची एकच पद्धत: क्रिया डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही.

हिब्रू-मराठी कोशाचा पहिला खंड छपाईला निघाला आणि साडू ‘हाफर’ या धातूपाशी अडले. मूळ अर्थ खणणे. विहीर खणणारे त्यांनी पाहिले होते. मुलूख धुंडाळणाऱ्या हेरांनाही हाच धातू लागतो. हेर काही दिसणार नाही, हे त्यांनी कसंबसं मान्य केलं. पण घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, त्यालाही हाच धातू, आणि तसा घोडा त्यांनी पाहिला नव्हता.

इकडे मुख्य संपादकांची नजर झपाट्याने जात होती. छापलेला खंड स्वतः वाचावा, एवढीच त्यांची इच्छा. मी साडूंना समजावलं, हात जोडले, आवाज चढवला. साडू ढिम्म. शेवटी मेहुणी म्हणाली, "भावोजी, यांना एकदाचा घोडा दाखवून आणा. मांजरानं पाय हलवला तरी हे चष्मा शोधायला लागतात."

सकाळीच त्यांना स्कूटरवर घालून तबेल्यात नेलं. घोडा खांबासारखा उभा. साडू त्याच्या खुरांसमोर स्टूल टाकून बसले. मोतद्दार सांगून थकला की त्याचं पोट भरलंय, आता तो कशाला पाय आपटेल. ऊन डोक्यावर आलं. छापखान्याचे फोन येत होते आणि मी ‘निघालोच’ म्हणत होतो.

"उठा आता," मी म्हणालो. "तिकडे एक माणूस डोळ्यांत प्राण आणून वाट बघतोय."

"दादा, हलू नका."

ते माझ्या बुटाकडे पाहत होते. उभ्या उभ्या मी बुटाच्या टोकाने मातीत चांगला वाटीएवढा खळगा पाडला होता. साडूंनी तिथेच मांडीवर कागद ठेवून लिहिलं: ‘उतावीळ होऊन पायाने जमीन उकरणे.’

खंड वेळेत आला. संपादकांनी ते पान भिंगाखाली, अगदी नाकाशी धरून सावकाश वाचलं आणि विचारलं, घोडा कुठे मिळाला. साडूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. संपादकांनी मान हलवली आणि पुढचा शब्द वाचायला घेतला.

दुसऱ्या खंडाचं काम सुरू झालंय. काल साडू विचारत होते, दादा, तुम्हाला पोहता येतं का?