बाबांच्या जुन्या गाडीत केशरी कूलंट

मंडळी, आज दुपारी जे पाहिलं त्यानं डोकं फिरून राहिलंय.

बाबांच्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारला इंजिन थंड ठेवायला जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट लागतं. त्यात नवं केशरी मिसळलं की गाळ होतो अन् इंजिन तापतं, हे मले बाबांनीच शिकवलं. गेले काही दिवस गाडी तापूनच राहिली होती.

म्हणून तात्यापाऱ्यातल्या दुकानातून हिरव्या कूलंटचा कॅन घेऊन घरी आली, तर बाबांचे मित्र सुधीरकाका बोनेट उघडून केशरी कूलंट ओतून राहिले होते. बाबा शेजारी खुर्चीवर बसले होते.

"काका, हे काहून टाकून राहिले?"

"अगं, हे लेटेस्ट आहे. माझ्या गाडीत हेच टाकतो."

त्यांची गाडी नवी आहे. शिवाय काकांनी जन्मभर स्पेअर पार्टचं दुकान चालवलं. त्यांना फरक माहीत नसेल?

मी त्यांचा हात धरला तर बाबाच रागावले. "त्याले तुझ्यापेक्षा जास्त कळते."

काका बाबांकडे पाहून हसले. "दादा, इतका त्रास देते तर विकून टाक. मीच घेतो."

ते गेल्यावर मी रेडिएटर रिकामा केला. तपकिरी, चिकट गोळे बाहेर आले. आज ओतलेल्याचा इतक्या लवकर असा गाळ होत नाही. म्हणजे केशरी आधीपासूनच कोणी ओतून राहिलं होतं.

बाबांनी एक गोळा बोटांत चोळून पाहिला. मग हळूच म्हणाले, "गॅरेजची दुसरी किल्ली त्याच्याजवळच आहे ना?"

बाबांना मागायला संकोच वाटतो. उद्या ती किल्ली मीच मागू का? तुम्ही काय केलं असतं?