नातीच्या परीक्षेसाठी दिलेलं डोकं

आमच्या कवठे महांकाळच्या बाजूनं सांगलीला जाणारी सकाळची एसटी अजून सुटते. सोमवारी तिचा आवाज आला की माझा हात आपोआप पटक्याकडे जातो. मग ध्यानात येतं, आता जायचं कुठं नाही.

सात-आठ वर्षं झाली असतील. बारावी झाल्यावर माझ्या नातीनं सांगलीत ब्युटी पार्लरचा क्लास धरायचा हट्ट घेतला. मला ते पटलं नव्हतं. आमच्या घरातली माणसं एक तर शेतात राबली, नाही तर मिलिटरीत गेली. दुसऱ्यांची डोकी धुणं हा काय धंदा झाला, असं मी बोललो. ती रडली नाही. दोन दिवस जेवली नाही. हट्टाला ती माझ्यावर गेली आहे.

शेवटी देवळाच्या कट्ट्यावर चार माणसं बसलेली असताना मी तिला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "वर्षभर शीक. परीक्षेला एकदाच बसायचं. पास झालीस तर पुढं तुझ्या मनानं वाग. न्हाई झालीस, तर जतचं स्थळ आलंय, तिथं मुकाट्यानं लग्नाला उभं ऱ्हायचं."

"शब्द देताय?" तिनं विचारलं.

"मी दिलेला शब्द कवा फिरवलाय?"

ते खरंच होतं. मी चौथीच्या पुढं शिकलो नाही, पण शब्दाला पक्का म्हणून गाव मला ओळखत होतं. दुसरं काही मिरवण्यासारखं माझ्यापाशी नव्हतं.

वर्ष सरलं. परीक्षेला प्रत्येक मुलीनं आपलं एक माणूस न्यायचं असतं, त्याला त्या मॉडेल म्हणतात. पांढऱ्या केसांना रंग लावायचं काम नातीच्या वाट्याला आलं. शेजारची म्हातारी तिनं केव्हाच कबूल करून ठेवली होती. पण परीक्षा तीन दिवसांवर आली आणि म्हातारीचा दीर वारला. सुतकात कोण डोक्याला रंग लावून घेणार? माझ्या बायकोचे केस साठी उलटली तरी काळे होते, आणि ते ती मला ऐकवायची सोडत नसे. म्हणजे ती बाद.

संध्याकाळी नात माझ्या समोर येऊन उभी राहिली. नुसतीच बघायला लागली.

"काय बघतीस?"

"काय न्हाई."

"माझं डोकं बघतीस."

"व्हय."

बाप गेल्यापासून माझ्या डोक्याला पटका आहे. घरात, न्हाव्यापुढं, नाही तर मयतीत, एवढ्याच ठिकाणी तो उतरला. परक्या बायाबापड्यांत बोडकं बसायचं म्हणजे मला अंगावरचे कपडे काढल्यासारखं होतं. तरी मी हो म्हणालो. तिनं लगेच माझ्या कानामागं रंगाच्या औषधाचा थेंब लावून ठेवला. खाज सुटते का ते आधी बघावं लागतं म्हणाली. आणि बजावलं, "आबा, त्या दिवशी तेल लावायचं न्हाई. डोकं पार कोरडं पायजे."

मी हूं केलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी अंघोळ झाली आणि मी कोनाड्यातल्या तेलाच्या वाटीपुढं उभा राहिलो. आमच्याकडं कोरडं डोकं घेऊन माणूस घराबाहेर पडतो तो सुतकातला. शुभकार्याला निघालेला माणूस डोकं चापून-चोपून निघतो. पोरीच्या एवढ्या मोठ्या दिवसाला मी मयताच्या घरचा दिसू? तिला यातलं काय कळतंय, असं मनात म्हणून मी वाटीतलं निम्मं तेल टाळूत जिरवलं आणि वर पटका बांधला.

क्लास स्टँडजवळ दुसऱ्या मजल्यावर होता. आरशांपुढं ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत कोणाची तरी आई, मावशी, चुलती. गडीमाणूस मी एकटा. परीक्षा घ्यायला कोल्हापूरच्या एक बाई आल्या होत्या. मी डोळे मिटून पटका काढला. नातीनं केसांना हात लावला आणि तो तसाच राहिला.

"आबा," एवढंच ती म्हणाली.

मग तिनं माझं डोकं साबणानं एकदा धुतलं, दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा धुतलं. बाकीच्या मुलींचं काम संपत आलं तेव्हा आमचे केस अजून वाळत होते. रंगाचा वास युरियाच्या पोत्यात तोंड घातल्यासारखा. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वासानं असं मी मला सांगत होतो. वेळ संपली. बाईंनी माझी मान पुढं वाकवून मागची बाजू बघितली. पुढं रंग बसला होता, मागं पट्टे पडले होते.

"धुताना तेल गेलं का ते बघायचं असतं, एवढंही शिकला नाहीत?" बाईंनी विचारलं.

आजोबांनी मला न सांगता तेल लावलं, असं नात म्हणू शकत होती. ती म्हणाली, "चुकलं, मॅडम."

आणि मी खुर्चीत बसून राहिलो. तोंड उघडलं नाही. पन्नास माणसांत भांडायला न भिणारा मी, त्या बाईंपुढं माझी चूक कबूल करायला माझी जीभ उचलली नाही.

नात नापास झाली. एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी मुलगा मला म्हणाला, "आबा, मग जतला निरोप धाडू न्हवं? तुमी चौघांत बोललाय."

मी काही बोलायच्या आत बायको पटका घेऊन बाहेर आली. धुवायला काढला होता तिनं. "आवं, ह्यो आतनं सगळा तेलकट हाय. परीक्षेला जाताना तेल लावलं व्हतं तुमी?"

नात चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, पण तिनं मागं वळून बघितलं नाही. कालपासून तिनं घरात कोणाला तेलाचं काही सांगितलं नव्हतं.

"व्हय, लावलं व्हतं," मी म्हणालो. "ती नको म्हणली व्हती, तरी लावलं. परीक्षा तिची झालीच न्हाई. माझी झाली, आणि मी नापास झालो. जतला निरोप जायचा न्हाई."

"म्हंजी शब्द फिरवला म्हणा की," मुलगा म्हणाला.

"फिरवला."

बायको म्हणाली, "कुठंतरी लिवून ठेवा रं ह्ये."

त्याच दिवशी मी कट्ट्यावर गेलो, पटका काढून मांडीवर ठेवला आणि त्या चौघांनाही सगळं सांगितलं. माझं पट्ट्यापट्ट्याचं डोकं बघून एक म्हणाला, "आबा, बेंदराला अजून अवकाश हाय. बैलाच्या आधी तुमालाच रंगवलं व्हय?" सगळे हसले. मला वाटलं होतं, लाजेनं जीव जाईल. गेला नाही.

पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती. सोमवार हा क्लासचा सरावाचा दिवस. दर सोमवारी मी आणि नात सांगलीला जाऊ लागलो. दर वेळी रंग लावून कसं चालेल, म्हणून एकदा रंग, एकदा नुसतं धुणं, एकदा मसाज. रंगायला तयार असलेलं म्हातारं डोकं सहसा मिळत नाही, म्हणून मुली माझ्यासाठी भांडायच्या. साताऱ्याची एक मुलगी लय सावकाश होती, ब्रशनं एकेक बट अशी रंगवायची की मला झोप लागायची. जतकडची एक, मी हललो की कानडीत पुटपुटायची आणि मग मराठीत सांगायची.

"आजोबा, हलू नका."

"हलत न्हाई गं, ठसका लागला."

"मग ठसका पण हळू द्या."

एकदा त्यांनी माझे वाढलेले केस छोट्या नळकांड्यांवर गुंडाळून, औषध लावून कुरळे केले. महिनाभर माझं डोकं मेंढरासारखं होतं. बायको जेवायला वाढताना तोंडाला पदर लावायची. पण खरं सांगतो, आयुष्यात इतके हात इतक्या मायेनं माझ्या डोक्याला कधी लागले नव्हते. आई लहानपणीच गेली. त्या मुली डोक्यावर हात फिरवत घरचं काय काय बोलायच्या. कोणाचा बाप पितो, कोणाला शिकायचं असून घरचे थांबवतात. मी गप्प ऐकायचो. पूर्वी असलं ऐकलं असतं, तर मी त्या बापांच्या बाजूनं बोललो असतो.

परीक्षेच्या दिवशी मी कोरडं डोकं घेऊन निघालो. एसटीत पटका काढून हातात धरला, वारं लागू दे म्हटलं. ओळखीच्या कंडक्टरनं आवाज खाली करून विचारलं, "आबा, कोण गेलं?"

"कोण न्हाई. नातीची परीक्षा हाय."

खुर्चीत बसल्यावर मात्र मी त्या कोल्हापूरच्या बाईंना हाक मारली. म्हणालो, "बाई, मागल्या वेळी तेल मी लावलं व्हतं. पोरगी नको म्हणली व्हती." त्या म्हणाल्या, "तेव्हाच सांगायचं होतं, आजोबा." मी म्हणालो, "व्हय." नातीचा ब्रश थोडा थांबला आणि परत चालू झाला. त्या दिवशी माझं डोकं असं काळंभोर झालं, की आरशात मला माझा बाप दिसला.

ती पास झाली. आता साताऱ्यात तिचं स्वतःचं दुकान आहे. लग्नही तिनं तिला पटेल तेव्हा, पटेल त्याच्याशी केलं. सांगलीचा तो क्लास दुसरीकडं गेला. मुली कुठं कुठं पांगल्या असतील.

वर्षातून दोनदा मी साताऱ्याला जातो. नात मला खुर्चीत बसवते. तिचा हात आता लय चालतो. ब्रश कुठं फिरला ते कळतही नाही. एकही केस सुटत नाही, कानाला डाग लागत नाही. मी म्हणतो, "जरा सावकाश कर की गं."

"आबा, बाहेर दोन बायका थांबल्यात."

मग मी पटका उचलतो आणि खुर्ची मोकळी करून देतो.