ठेकेदाराच्या ओसरीवर मुक्काम

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, आयुष्यात कोणी कधी ‘साहेब’ म्हटलं नव्हतं. जंगलखात्यात नाकेदार म्हणून त्यांनी मेहकरकडच्या रानात सगळी नोकरी काढली आणि त्या नोकरीत ते दुसऱ्यांनाच साहेब म्हणत राहिले. पेन्शनीत निघून देऊळघाटला घरी बसले, तेव्हा हा एक शब्द त्यांच्या मनात कुठंतरी सलत असावा. म्हणूनच बुलढाण्याहून आलेल्या त्या ठेकेदारानं अंगणात पाय ठेवताच “नमस्कार सायेब” म्हटलं, आणि आमच्या घराचं छप्पर तिथंच गेलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं ते दिवस. मी लग्न होऊन या घरात आले त्यालाही फार काळ लोटला नव्हता. घर धाब्याचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळया, तुळयांवर काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. दरसाल मृगाच्या आधी वर नवी माती टाकून चोपली की पावसाळ्याची काळजी मिटायची. एखाद्या वर्षी गळायचंही, पण कुठं गळतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तिथं घमेलं ठेवलं की झालं. अशा घराला कोणी नाव ठेवायचं कारण नव्हतं. पण समोरच्या भाजीवाल्या बागाइतदारानं घरावर टिनाचे पत्रे टाकले. सकाळच्या उन्हात ते असे चकाकायचे की ओसरीवर बसलेल्या मामाजींचे डोळे दिपायचे.

“धाब्याच्या घरात आता कोणी राह्यते काय बे?” ते माझ्या यजमानांना म्हणाले.

आमचे हे बुलढाण्याला कचेरीत कारकून. कचेरीत ते कोणाला ‘नाही’ म्हणत नसत, मग घरी तर प्रश्नच नव्हता. तिसऱ्या दिवशी ते ठेकेदाराला घेऊन आले.

ठेकेदार पाहण्यासारखा माणूस होता. पांढरी विजार, डोक्यावर साहेबी टोपी, कानावर पेन्सिल. त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं, भिंतीला कान लावला, मग वर पाहून अशी मान हलवली की जणू रोगी हाताबाहेर गेला आहे.

“सायेब, हे धाबं लय खराब झालं. कवा बसन, सांगता येत नाई.”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराआडून म्हणाल्या, “माह्या लग्नापासून बसलं नाई, तं आताच काऊन बसन?”

“तेच तं म्हणतो माय,” ठेकेदार म्हणाला. “आता थकलं असन ते.”

मामाजी खूश होऊन हसले. नोकरीभर लाकडं तपासलेला माणूस, पण आपल्याच घराच्या तुळया त्यांनी त्या दिवशी मान वर करून पाहिल्या नाहीत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत पत्रे चढवून देतो, असं ठेकेदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं. विसार घेतला, चहा घेतला, आणखी एक चहा घेतला आणि गेला.

मोडायला मात्र तो सांगितल्या दिवशी आला, हे त्याच्याबद्दल कबूल केलं पाहिजे. माणसं घेऊन सकाळीच हजर झाला. त्या माणसांनी वरची माती अशी काही उत्साहानं खाली लोटली की दुपारी आम्ही सगळे पांढरे झालो होतो आणि कोण कोणाचं ते ओळखू येत नव्हतं. संध्याकाळी घराला चार भिंती होत्या, दारं होती, दारांना कड्या होत्या, आणि वर नुसतं आभाळ. तुळया त्यानं गाडीत भरल्या. “आरा मशीनवर नीट कापून आणतो सायेब. जातो तसा येतो,” म्हणाला.

तो गेला तसा गेला.

पहिले दिवस मामाजींनी फार थाटात काढले. “उन्हाळ्यात आपण बाहेरच झोपतो ना? मंग?” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण दिवसाचं काय? सकाळी सावली पश्चिमेच्या खोलीत नसायची, दुपारनंतर पूर्वेच्या खोलीत नसायची, आणि मधल्या वेळात कुठंच नसायची. मी आणि आत्याबाई पाण्याचा रांजण सोडून भांडीकुंडी, पीठ, बाकी सगळं घेऊन सावलीच्या मागं मागं फिरत होतो. कावळे सरळ चुलीवर उतरायचे. मी तव्यावरून काढून ठेवलेली भाकर एका कावळ्यानं माझ्या डोळ्यांदेखत उचलली. समोरचा बागाइतदार आपले पत्रे पाहायला शिडीवर चढला की आमचं स्वयंपाकघर त्याला ताटात वाढल्यासारखं दिसायचं. “काय वहिनी, आज पुन्हा पिठलंच काय?” असं तो वरून विचारायचा. मामाजी मधल्या घरात खाटेवर छत्री उघडून बसायचे आणि वर्तमानपत्र वाचायचे. घरात छत्री धरून बसलेला माणूस पाहून बायका तोंडाला पदर लावून पुढं जायच्या.

आमचे हे रोज कचेरीतून सुटल्यावर ठेकेदाराकडे चक्कर मारत आणि रोज एक नवं कारण घेऊन घरी येत. पत्रे मलकापूरच्या स्टेशनावर येऊन पडले आहेत. पत्र्यांची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, आली आहे, पण तिच्या कुलपाची किल्ली भुसावळला गेली आहे. किल्ली आली आहे, पण आता ठेकेदाराच्या चुलतसासऱ्यांना लकवा झाला आहे. हे सगळं ते इतक्या मन लावून सांगत, की मला वाटायचं, कचेरीत लोकांना सांगायची कारणं यांना ठेकेदारच पुरवतो की काय.

“तुम्ही त्याले काही बोलले नाई?” मी एकदा विचारलं.

“बोललो ना. पण त्यानं चहा पाजला.”

आखाजी गेली. मग एका दुपारी वळवाचा पाऊस आला, गारांसकट. आत्याबाईंनी वर्षाच्या कुरड्या घालून अंगणात वाळत टाकल्या होत्या. त्या गोळा करून आम्ही घरात पळालो आणि घरात गेल्यावर लक्षात आलं की घरातही पाऊसच आहे. कुरड्यांचा पुन्हा चीक झाला, गाद्या भिजल्या, तुरीची डाळ भिजली. मामाजी छत्रीखाली उभे राहून म्हणाले, “जमीन गार झाली पाहा कशी.”

आत्याबाई घागर उचलून विहिरीवर गेल्या, मी मागून गेले. तिथं शाळेतल्या गुरुजींची बायको भिजलेली वाकळ पिळत उभी होती. गुरुजींचं घर बौद्ध. आमच्या गल्लीतल्या बायका तिच्याशी विहिरीवर बोलत, पण तिच्या घरी पाणी पीत नसत, आणि आत्याबाई तर तिच्या घागरीपासूनही चार हात लांब उभ्या राहत.

“तुमचंबी ओलं झालं काय?” तिनं विचारलं.

“तुमच्यावर तं धाबं आहे ना,” आत्याबाई म्हणाल्या.

“कुठचं धाबं मावशी? तो टोपीवाला घेऊन गेला ना. तुमचं पाहूनच तं आमच्या गुरुजीले पत्र्याचं येड लागलं.”

बोलता बोलता कळलं की खालच्या आळीतल्या तेल्याचं घरही त्यानं असंच उघडं करून ठेवलं आहे. एक काम हातात आलं की आधी छप्पर उतरवायचं, म्हणजे मालक पळत नाही, अशी त्याची रीत होती. आमची, गुरुजींची आणि तेल्याची पुरुषमंडळी घरी न सांगता दोनदा मिळून त्याच्याकडं जाऊन आली होती. दोन्ही वेळा चहा पिऊन, “माणूस सज्जन आहे, पण कामाचा ताण लय आहे” असं म्हणत परतली होती.

गुरुजींच्या बायकोनं वाकळ झटकली. “पुरुषाइले चहा पाजते तो. आपल्याले काय पाजते ते पाहू. त्याच्या घरावर तं छप्पर असनच. आपण तिथंच जाऊन राहू.”

मला वाटलं, आत्याबाई हिला झिडकारतील. पण त्यांनी घागर खाली ठेवली आणि विचारलं, “पहिली मोटर कवा आहे?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी अंथरुणं, पिठाचे डबे, तेल्याच्या बायकोनं सोबत धाडलेली दोन लेकरं आणि आत्याबाईंचा खलबत्ता घेऊन एस.टी.त चढलो. मामाजी विचारत राहिले, “स्वयंपाकाचं काय?” आत्याबाईंनी चुलीकडं बोट दाखवलं.

ठेकेदाराचं घर बुलढाण्याला चढावर होतं. हवा गार, घराला नवी कोरी ओसरी, ओसरीवर छान कौलं. तो कामावर गेला होता. त्याची बायको दारात आली, एवढा बारदाना पाहून घाबरली.

“तुमच्या मालकानं आमचं घर उघडं केलं,” गुरुजींची बायको म्हणाली. “पत्रे चढेस्तोवर आम्ही इथं राह्यतो.”

ती बाई काही बोलणार एवढ्यात आत्याबाई ओसरीखाली मान वर करून उभ्या राहिल्या त्या हलेनात. वरच्या काळ्या तुळईला एक लोखंडी कडी होती.

“ही माही कडी आहे,” त्या म्हणाल्या. “माह्या सगळ्या लेकरांचे पाळणे या कडीले होते. एक लेकरू इथूनच गेलं माहं.”

ठेकेदाराच्या बायकोनं वर पाहिलं, आत्याबाईंकडं पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला.

“मले म्हणे, डोणगावच्या लिलावात घेतली,” ती म्हणाली. मग दार पूर्ण उघडून म्हणाली, “या माय, आत या. बसा. येऊ द्या त्याले.”

दुपारी ठेकेदार जेवायला आला, तेव्हा त्याच्या पाटावर तेल्याचं लेकरू बसलं होतं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

“अरे वा! ताई, आक्का, माय! कवा आल्या? चहा घेतला काय?”

“घेतला,” गुरुजींची बायको म्हणाली. “आता पत्रे दे.”

“पत्रे तं मलकापूरले...”

“किल्ली सापडली काय वाघिणीची?” मी विचारलं. मी त्याच्याशी बोललेलं ते पहिलंच वाक्य. मलाच माझा धीर नवा वाटला.

तो बायकोकडं वळला. “तू या बायाइले आत काऊन घेतलं?”

“तुम्ही त्यायच्या घराची तुळई घेतली, मी त्यायले घेतलं,” ती म्हणाली. “जेवण नाई आज. आधी त्यायचं छप्पर करा.”

तो गेला. पुढचे दिवस तो आपल्याच घराच्या फाटकातून आत डोकावायचा आणि आम्ही आहोत असं पाहून परत जायचा.

खरं सांगायचं तर ते दिवस फार सुखाचे गेले. भाकरी गुरुजींची बायको थापायची, कारण तिच्याइतक्या पातळ भाकरी कोणालाच जमत नव्हत्या. पहिल्या जेवणाला आत्याबाई थोडा वेळ ताटाकडं पाहत बसल्या. मग “परगावी चालते” असं कोणी न विचारताच म्हणाल्या आणि दोन भाकरी खाल्ल्या. मी लग्नानंतर पहिल्यांदा दुपारी झोपले. ठेकेदाराची बायको आम्हांला नवऱ्याच्या एकेका कारणाच्या गोष्टी सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. लग्नात पाटल्या घालतो म्हणाला होता, त्या पाटल्या अजून सोनाराकडून यायच्या होत्या.

एका सकाळी आमचे हे कचेरीच्या आधी आले. दाढी वाढलेली, हाताला भाजल्याचा फोड.

“पत्रे आले,” ते म्हणाले. “कालपासून तिन्ही घरांवर ठोकून राह्यले. चला आता घरी.”

“मलकापूरहून आले?” मी विचारलं.

“नाही. इथंच होते म्हणे, त्याच्या वखारीत.”

“आणि तुळई?” आत्याबाईंनी विचारलं.

तुळई काढली तर ओसरी बसेल, असं ठेकेदाराचं म्हणणं होतं. त्याच्या बायकोनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बसू द्या.” आत्याबाई तुळई गाडीत चढलेली पाहूनच एस.टी.त बसल्या. मागं वळून पाहिलं तर ओसरी दोन बांबूंवर उभी होती आणि ती बाई फाटकात उभी राहून आम्हांला हात करत होती.

पत्रे चढले होते. कसे चढले ते पाऊस लागल्यावर कळलं. सगळा उतार त्यानं दाराकडं दिला होता, त्यामुळं घरात शिरायचं तर पाण्याच्या धारेखालून जावं लागे. “पाय धुवायची सोय झाली,” मामाजी म्हणाले. पाऊस पडत असताना घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, आणि पुढच्या उन्हाळ्यात आत थांबता येईना, म्हणून मामाजी दिवसभर बागाइतदाराच्या कडुलिंबाखाली जाऊन बसू लागले. तोही तिथंच असायचा. त्याच्याही घरात थांबता येत नव्हतं, एवढंच त्यानं शिडीवरून कधी सांगितलं नव्हतं. लिंबाखाली बसून मामाजी लोकांना सांगत, “ठेकेदाराकडून काम घ्यायले दरारा लागते. मी कडक राह्यलो, म्हणून झालं.” पुढं जिल्हा परिषदेची कामं निघाली, तेव्हा त्या ठेकेदाराला शाळेच्या खोल्या मिळाल्या. आम्ही त्याची कीर्ती सांगितली असती, पण बायकांना कोणी विचारलं नाही. मामाजींना विचारलं होतं. “माणूस सज्जन आहे,” ते म्हणाले.

गुरुजींच्या घराचं काम झालं तेव्हा त्यांच्या बायकोनं खिरीला बोलावलं. आत्याबाईंचे गुडघे त्या दिवशी दुखायला लागले. मी एकटी गेले. खीर खाल्ली, पाणी प्यायले आणि घरी येऊन तसं सांगितलं. मामाजींनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आत्याबाई आपल्या जागी परत आलेल्या तुळईखाली लसूण सोलत बसल्या होत्या. हातातला गड्डा त्यांनी पुरता सोलला.

मग म्हणाल्या, “गूळ टाकला होता का साखर?”

“गूळ.”

“हाव,” त्या म्हणाल्या. “तिच्या हातची गुळाचीच चांगली लागन.”