नंदोईंच्या पाठीतली केबल

स्वतःच्या पाठीत काय चाललं आहे हे माझ्या नंदोईंइतकं, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याइतकं, अख्ख्या वाशीम जिल्ह्यात कुणाला ठाऊक नसेल, आणि यात मी डॉक्टरांनाही धरलं आहे बरं! शेलूबाजारला ते जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवीन तार भरतात. तारेशिवाय या माणसाला जगात दुसरं काही दिसतच नाही. ताटात शेवया वाढल्या तरी आधी त्यांची जाडी सांगतील, मग खातील. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या टिनाच्या छपरावरून ते पाठीवर पडले आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून "मज्जारज्जूला मार आहे" म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही रडत होतो आणि हे म्हणाले, "म्हंजे केबलच हाय की!"

उजवा पाय हलत नव्हता. त्या पायावर पुन्हा चालता येईल की नाही, हे डॉक्टरही छातीठोक सांगेनात. घरी आल्यावर माझ्या नणंदेनं गरम विटेचा शेक दिला, तर डाव्या, म्हणजे चांगल्या पायाला हा मोठा फोड, आणि यांना पत्ताच नाही! शेजारीण तोंडावर म्हणाली, "पाय गेला उजवा, अन् डावा भाजला तरी समजत नाही? सोंग करून राह्यले भाऊ." त्यांच्या थोरल्या भावानं तर बाधा उतरवायला लिंबू आणलं. नंदोईंनी ते पोह्यांवर पिळलं आणि जुन्या केबलचा तुकडा हातात घेऊन सगळ्यांना खाटेभोवती बसवलं.

"मणक्यातून बोटाएवढी दोरी उतरते. आडवी कापली तं आत फुलपाखरू दिसते. कमरेपाशी संपते, पुढं नुसतं घोड्याचं शेपूट. आता ऐका. दुखणं अन् चटका सांगणारी तार डाव्या पायातून आली का मणक्यात शिरल्याबरोबर उजवीकडं पलटते, मंग मेंदूत जाते. पाय वर हाय का खाली, हे सांगणारी तार आपल्याच बाजूनं पार मानेच्या वर जाते, अन् तिथं पलटते. मायी दोरी उजवीकडून चेंदली. म्हणून उजव्याले हलता येत नाही, तो कुठं हाय ते समजत नाही, अन् डाव्याले चटका लागत नाही. फेज उलटली का मोटार उलटी फिरते, तिले कोणी भूत लागलं म्हणते काय? सोंगच कराचं असतं तं म्या सोपं केलं असतं!"

शेजारीण खाटेजवळ सरकली. मग हळूच चप्पल काढून म्हणाली, "मायाबी पायाले मुंग्या येतात, पाहा बरं भाऊ."

तेव्हापासून भेटायला येईल त्याची परीक्षा. डोळे मिटायचे, ते आपल्या पायाचा अंगठा धरून हलवणार, "वर का खाली?" मी पास झाले तर तोंड एवढंसं केलं! त्यांचं स्वतःचं उत्तर मात्र चुकायचं. नणंद रोज चहाआधी त्यांचा उजवा अंगठा धरायची.

"वर."

"खाली हाय, जी."

"बरं. उद्या पाहू."

व्यायाम करून करून पाय हलू लागला, काठी आली. पण नजर हटली की पाय कुठं आहे ते कळेना, म्हणून वर्षभर हा माणूस जमिनीकडे बघतच चालला. आणि एका सकाळी दहापैकी दहा बरोबर!

"चोरून पाह्यलं तुमी!" म्हणत नणंदेनं त्यांच्या डोळ्यांवर पदर बांधला. पुन्हा दहाच्या दहा. "लाइन आली!" नंदोई असे ओरडले की गल्ली गोळा झाली, आणि सोंग म्हणणाऱ्या शेजारणीनंच सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

मग ते काठी टेकत अंगण ओलांडायला निघाले. पलीकडे नणंद उभी. मान ताठ, नजर समोर, पाऊल बरोबर पडतंय! अर्ध्यात थांबले. मी धावतच जवळ गेले.

"काय झालं, भाऊजी?"

"काही नाही, वहिनी." ते बायकोकडेच बघत होते. "काय वं, तुये केस कवा एवढे पिकले?"

नणंदेनं पदर डोक्यावर ओढला. "तुमी खाली पाहून राह्यले होते ना, तवा."