बदामाच्या डोंगरावर स्की

त्या व्हिडिओत एक उंट होता आणि त्याच्या पाठीवर बर्फ साचला होता. काही झालंच नाही अशा थाटात उंट रवंथ करत उभा. मागे लालसर खडकांचा डोंगर, अर्ध्याच्या वर पांढराशुभ्र. कुणीतरी अरबीत ओरडत होतं, "थल्ज! थल्ज!" म्हणजे बर्फ, बर्फ.

मी सौदीतल्या यान्बूला आमच्या प्लांटच्या कँटीनमध्ये जेवत होते. गुरुवार होता, पुढे शुक्रवार-शनिवारची सुट्टी. व्हिडिओ तबूकच्या पलीकडच्या जबल अल-लौझचा होता. लौझ म्हणजे बदाम, म्हणून बदामाचा डोंगर. तिथे एखाद्या हिवाळ्यात बर्फ पडतो हे मला ठाऊक होतं. पण तो हमखास आठवड्याच्या मध्ये पडायचा, नाहीतर आम्ही नाशिकला गेलेलो असताना. या वेळी थंडी सुरू होते न होते तोच पडला होता, आणि तोही ऐन सुट्टीच्या तोंडावर. मी अर्धा डबा तसाच बंद केला आणि नवऱ्याला फोन लावला.

"बर्फ पडलाय."

"कुठे?"

"लौझवर. मी जातेय."

"मला प्लांटच्या शटडाऊनचं काम सोडून हलता यायचं नाही."

"तुला कुठे बोलावतेय? मी जातेय म्हटलं."

तो हसला. "टायरची हवा बघ. आणि एकटी जाऊ नकोस."

कॉलेजात असताना मी औलीला स्कीइंगचा कोर्स केला होता. तोवर त्र्यंबकच्या आसपासचे डोंगर पालथे घातले होते, पण बर्फ पहिल्यांदा पाहिला तो तिथे. पहिले दोन दिवस नुसती पडत होते आणि तिसऱ्या दिवशी पायाखालचा उतार एकदम आपला वाटायला लागला. पुढे एकदा गुलमर्गला जाऊन आले. मग नोकरी, लग्न, सौदीतलं जुबैल, मुलगी, यान्बू. स्कीचा विषय संपलाच होता. पण काही वर्षांपूर्वी एक फ्रेंच सहकारी देश सोडून निघाला आणि त्याने घरसामान विकायला काढलं. मी मिक्सर बघायला गेले होते. कपाटामागे त्याच्या बायकोच्या जुन्या स्की उभ्या होत्या. मी त्याच घेऊन आले.

त्या टुरिंगच्या स्की होत्या. जिथे लिफ्ट नसते, आपल्या पायांनी डोंगर चढायचा असतो, तिथे वापरायच्या. चढताना तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. ती स्कीला पुढे सरकू देते, पण मागे घसरू देत नाही. वर पोचलं की पट्टी सोलून काढायची, मोकळी ठेवलेली टाच बाइंडिंगमध्ये अडकवायची आणि सुटायचं. बूट मला दोन मोजे घातले की बरोबर बसायचे. गंमत म्हणून मी त्या एकदा वाळूच्या टेकडीवर नेल्या होत्या. वाळू सोडेचना. डिंकात पाय अडकावा तशी मी जागच्या जागी उभी, आणि मुलगी खालून हे सगळं शूट करत होती.

तिला न्यायचं तर होतंच. ती अकरावीत, तिचं पहिलं उत्तर आलं, "मम्मा, आर यू सीरियस? संडे को मेरा टेस्ट है."

"पुस्तक गाडीत घे," मी म्हटलं.

मोठा थर्मास मागायला शेजारी आपांकडे गेले. आपा मूळच्या श्रीवर्धनकडच्या. नवरी होऊन यान्बूला आल्या त्याला आता तीसेक वर्षं झाली. त्यांच्या मिस्टरांचं बंदराजवळ हार्डवेअरचं दुकान आहे आणि मुलं आपापल्या संसाराला लागली आहेत. मी कशाला निघालेय ते ऐकून त्या थर्मास हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"बर्फ? खराखुरा, वरून पडलेला?"

"हो, आपा."

"आणि मना सोडून जातेस?"

त्यांनी अबायावर मिस्टरांचं लोकरीचं जाकीट चढवलं, थर्माससोबत खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेतला आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसल्या. मिस्टर दारात उभे राहून विचारत होते, "अगो, पण जेवणाचं काय?" आपांनी काच खाली केली. "फ्रिजमध्ये बघा," म्हणाल्या, आणि काच वर केली.

तबूकला मुक्काम करून आम्ही उजाडता उजाडता निघालो. शहर मागे पडलं तशी समोर डोंगरांची रांग दिसायला लागली. पहिल्यांदा मला वाटलं, ढग आहेत. मग ऊन त्यावर पडलं आणि आपा ओरडल्या, "तो बघ! अगो, तो बघ!" मागच्या सीटवरच्या मुलीने कानातले इअरफोन काढले. पुस्तक मिटलं.

निम्मं सौदी तिथे लोटलं होतं. रियाधच्या, जेद्दाहच्या गाड्या, सतरंज्या, शेगड्या, बॉनेटवर बर्फाचे बाहुले. डोंगराच्या कुशीत वर जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांनी गाडी आडवी लावली होती. पुढे रस्ता निसरडा झाला होता. मी खाली उतरले आणि टपावरच्या स्की सोडायला लागले तसा पोलीस जवळ आला.

"हे काय?"

"स्की. बर्फावर चालायला."

"गाडी वर जाणार नाही."

"गाडी नाही जाणार. मी चालत जाईन. त्या घळीतून."

त्याने घळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नजरेआड जाऊ नका," म्हणाला. "दुपारनंतर ढग यायचेत." आणि मग स्वतःचा फोन काढून त्याने स्कीचा फोटो घेतला.

आपा आणि मुलगी खालच्या वाडीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात थांबल्या. मी एकटी चढायला लागले.

डोंगरावर सगळीकडे सारखा बर्फ नव्हता. उघड्या भागावर तो जेमतेम घोटाभर, मधून लाल ग्रॅनाइटची डोकी वर आलेली. पण वाऱ्याने त्या घळीत तो लोटून भरला होता; काठी घातली की गुडघ्याएवढी आत जायची. मी नागमोडी वाट काढत निघाले. प्रत्येक पावलाला पट्टी बर्फावर सर्र करायची आणि मग धरायची. एवढ्या वर्षांत पायांनी काहीच विसरलेलं नव्हतं! धाप लागली होती, नाक गळत होतं, आणि मी मोठमोठ्याने हसत होते. कुणी ऐकणारं नव्हतं. बर्फात एका कोल्ह्याची पावलं उमटलेली होती. ती एका बाभळीच्या झुडपाखाली जाऊन परत फिरली होती. खालचे आवाज हळूहळू बंद झाले.

घळीच्या वरच्या टोकाला कडा लागला. तिथे बसून मी पट्ट्या सोलल्या. तळाला मेणबत्ती घासून आणली होती, तरी वाळूचे जुने ओरखडे दिसतच होते. पश्चिमेकडे डोंगरांमागून डोंगर, आणि त्यापलीकडे एक निळसर पट्टा. तो समुद्र असावा. खाली माणसं मुंग्यांएवढी. एक काळा ठिपका दोन्ही हात हलवत होता. त्या आपा.

टाचा अडकवल्या. आणि सुटले.

पहिलं वळण मी घेतलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. दुसरं घेतलं. तिसऱ्याला बर्फ स्कीच्या कडेने फवाऱ्यासारखा उडाला आणि तोंडावर आला. मी ओरडले. काय ओरडले माहीत नाही, बहुतेक "आई गं!" घळ उजवीकडे वळली, मीही वळले; दोन खडकांमधून गेले, पुढे मऊ, रुंद, अस्पर्श उतार. तिथे मी वेगाला मोकळं सोडलं. कानात वारा, डोळ्यांत पाणी. त्या वेळी मला कुणी वय विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग डाव्या स्कीखाली दगड लागला. खट्ट आवाज झाला आणि मी हवेत. पडले ती पाठीवर, बर्फातच, त्यामुळे लागलं काही नाही. उठून बघते तर डावी स्की पायात नाही. ती निघाली होती उतारावरून, एकटीच, सरळ. खरं तर बूट सुटला की स्कीचा ब्रेक बर्फात रुतायला हवा, पण त्या जुन्या ब्रेकची स्प्रिंग गेलेली. स्की उंचवट्यावरून उडाली, परत टेकली, आणि वाडीच्या दिशेने दिसेनाशी झाली. खाली माणसं होती.

"बाजूला व्हा!" मी मराठीत किंचाळले. मग अरबी शब्द आठवेना म्हणून, "यल्ला! यल्ला!" म्हणजे चला, चला.

उरलेली घळ मी एका स्कीवर, काठ्या टेकत, अर्धी बसून उतरले. खाली पोचले तर घोळका जमलेला. पण घोळका हसत होता. वाडीत एक सौदी कुटुंब सतरंजी अंथरून चहाला बसलं होतं. माझी स्की त्यांच्यापासून जरा अलीकडे वाळूमिश्रित बर्फात नाक खुपसून थांबली होती, आणि एक म्हातारी, मेंढीच्या कातड्याचा जाडजूड झगा पांघरलेली, हातातल्या काठीने तिला ढोसून बघत होती. तिच्या शेजारी चहाचा पेला हातात घेऊन माझी मुलगी बसली होती. आणि घडाघडा अरबी बोलत होती.

शाळेत तिला अरबी विषय आहे हे मला माहीत होतं. तिला ती बोलता येते हे माहीत नव्हतं.

मी माफी मागायला लागले तर म्हातारीने हात हलवला. "खलास, खलास," म्हणजे झालं, सोड. "बस." एका बाईने माझ्या हातात पेला दिला. म्हातारी काहीतरी लांबलचक बोलली आणि मुलगी ते आम्हाला सांगायला लागली. आणि गंमत म्हणजे मराठीत, कारण आपांना ते नीट कळायला हवं होतं.

"त्या म्हणतात, लहान होत्या तेव्हा इथेच राहायच्या. तंबूत. बर्फ पडला की ती पाण्याची कातडी पिशवी असते ना..."

"पखाल," आपा म्हणाल्या.

"हां, ती रिकामी करून तिच्यावर बसायच्या आणि इथूनच घसरायच्या. मग घरी आईचा मार."

म्हातारीने काठीने एक उतार दाखवला, सौम्यसा, वाडीत येऊन संपणारा. आपा बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"बाय, मना दे ते."

"आपा, पडाल. गुडघे..."

"गुडघे माझे. ती पखालीवर बसून गेली, मी यावर उभी राहून जाईन. होडीत उभी राहिलेली बाई आहे मी."

बुटांत आणखी एक मोजा कोंबून त्यांचे पाय बसवले. अबाया वर खोचला. आम्ही दोघींनी धरून त्यांना उतारावर चढवलं. मी स्कीची टोकं जवळ आणून थांबायचं कसं ते दाखवलं. त्यांनी "हो हो" म्हटलं आणि एक शब्द ऐकला नाही. "सोड," म्हणाल्या.

मी सोडलं.

आपा सरळ गेल्या. वळण नाही, ब्रेक नाही, दोन्ही हात पसरून, काळा अबाया मागे फडफडतोय, आणि तोंडाने "या अल्लाऽऽह" हा एकच लांब सूर. मी शेजारून धावत होते, पण लगेचच मागे पडले. खालच्या बायकांनी जीभ हलवून लग्नात करतात तसा तो आनंदाचा चीत्कार सुरू केला. सगळी वाडी दणाणली. उतार संपला, आपा अजून उभ्या! मग अगदी सपाटीला येऊन, थांबता थांबता, त्या हळूच बसल्या आणि आडव्या झाल्या.

मी धापा टाकत पोचले. त्या आकाशाकडे बघत हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लागलं का?"

"गप गो," त्या म्हणाल्या. "परत चढव."

त्यानंतर सगळ्यांनीच पाळी लावली. मुलगी गेली, पडली, पुन्हा गेली. चौथ्यांदा तिने एक वळण घेतलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं, मी पाहिलं की नाही ते बघायला. त्या कुटुंबातल्या सुना गेल्या, एक पोट सुटलेला काका गेला आणि सतरंजीवरच्या खजुरांत येऊन थांबला. आपांच्या वड्या संपल्या. त्यांच्या बदल्यात आम्हाला भाताचं एवढं मोठं ताट मिळालं की खायला तिघी पुरेनात.

पोलिसाने सांगितलं होतं तसे दुपारी ढग आले. कडा आधी झाकला गेला, मग घळ. वारा पडला. कुणीतरी "श्श" केलं. आणि वरून काहीतरी यायला लागलं, इतकं हळू की आधी राख वाटली. मुलीने तळहात पुढे केला. तिच्या बाहीवर एक कण टिकला, दुसरा टिकला.

"मम्मा," ती म्हणाली, "पडतोय."

पोलिसांच्या गाडीवरून भोंगा वाजला; सगळ्यांनी खाली उतरा, रस्ता बंद होईल. लोक हलले नाहीत. भोंगा पुन्हा वाजला, "यल्ला, यल्ला, या जमाआ!" मग माणसं सतरंज्या झटकायला लागली. स्की टपावर बांधताना माझी बोटं वळत नव्हती. म्हातारीने आपांचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला.

गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी उतरत होती. मी वायपर चालू केले. मागच्या सीटवर मुलीने काच पूर्ण खाली केली होती आणि कमरेपर्यंत बाहेर झुकली होती. आत बर्फ येत होता, आपांच्या मांडीवर, सीटवर, पुस्तकावर. एरवी मी ओरडले असते. मी माझीही काच खाली केली.