खुर्च्यांच्या पायांतले बूट

आमच्या बदलापूरच्या सोसायटीत तळमजल्यावरची खोली रंगवून घेतली आहे. आत पाऊल टाकलं तर ओला तेलरंग, टर्पेंटाइन आणि नव्या सनमायकाखालचा गोंद असे तिन्ही वास एकदम अंगावर आले, आणि मी उंबऱ्यातच थबकले. मुलांसाठी अभ्यासिका करायची ठरली आहे. टेबलं आली, ट्यूबलाइट लागल्या, खिडकीला जाळी बसली. सोसायटीचे सेक्रेटरी बँकेत नोकरीला आहेत, मोठे उत्साही गृहस्थ. ते पेंटरला घेऊन भिंतीपाशी उभे होते. म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेतल्या. पाटीवर काय लिहायचं ते तुम्हीच सांगा. वर मोठ्ठ्या अक्षरात 'शांतता राखा' आणि खाली बाकीचे नियम." पेंटर म्हणाला, "मॅडम, जल्दी बोलो, ब्रश सूख रहा है." मी म्हटलं, उद्या सांगते. आणि वर निघून आले. त्या गोष्टीला बरेच दिवस झाले. पाटी कोरी आहे. सेक्रेटरी जिन्यात भेटले की हसतात आणि मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते.

दोन शब्द लिहून द्यायचे होते, त्यात अवघड ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण शांतता या शब्दाशी माझा जुना व्यवहार आहे आणि तो मी आजवर कुणाजवळ उघड केलेला नाही.

माझं लहानपण उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका बराकीत गेलं. लष्करासाठी बांधलेली ती लांबच लांब बराक. फाळणीनंतर तिथं सिंधी कुटुंबं आली आणि पुढं माझ्या वडिलांसारखी कारखान्यातली मराठी माणसंही भाड्यानं येऊन राहिली. खोल्यांच्या मधल्या भिंती फळ्यांच्या, आणि त्या छपरापर्यंत पोचतच नसत. भिंतीच्या डोक्यावरून पलीकडची फोडणी यायची, पलीकडचा रेडिओ यायचा, नवराबायकोचं भांडण यायचं आणि त्यातला समेटही यायचा. शेजारची सिंधी काकी दिवसभर पापड लाटायची. मी धडा मोठ्यानं वाचायला लागले की पलीकडून हाक यायची, "ए छोकरी, ज़ोर से पढ़! पापड़ को भी थोड़ी अक्कल आने दे!" सगळी बराक हसायची. मी शरमून पुस्तक छातीशी धरायची आणि कानांत कापसाचे बोळे घालून मनात वाचायची. एखादी खोली असावी, जिथं कुणाचाही आवाज येऊ नये, इतकंच मागणं त्या वयात मी देवाजवळ मागत असे.

लग्न होऊन अंबरनाथला आले आणि देवानं ते ऐकलं. यजमान एका केमिकल कंपनीत अधिकारी होते. कंपनीच्या वसाहतीत आम्हाला तळमजल्याची जागा मिळाली. मी शाळेत शिकवत होते आणि वर्गातल्या मुलांची घरं मला ठाऊक होती. एका खोलीत सहासात माणसं, रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपलेला, मुलांनी वही उघडायची कुठं? म्हणून मी आमची पुढची खोली संध्याकाळी मुलांना मोकळी करून दिली. फी नव्हती. अट एकच, आवाज करायचा नाही. ती खोली मी किती निगुतीनं सजवली म्हणून सांगू! उजेड डावीकडून यावा असे दिवे लावले. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूब आणून त्यांचे तुकडे खुर्च्यांच्या पायांत बुटांसारखे चढवले, म्हणजे सरकवताना फरशी किंचाळायला नको. लंबकाचं घड्याळ टिकटिकतं म्हणून तेही बंद करून टाकलं. मुली बांगड्या कोपरापर्यंत वर सारून बसायच्या. यजमान देवापुढं उभे राहून म्हणायचे, "घंटा वाजवू का, की देवानंही मनातच ऐकायची?"

खोलीचं नाव झालं. मुख्याध्यापक एकदा स्वतः येऊन उभे राहिले आणि नुसती मान हलवत बाहेर गेले. बाहेर गेल्यावर म्हणाले, "बाई, हे देऊळ आहे." त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगले.

माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी त्या खोलीत यायला लागली. बदलापूरच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव, भाताची थोडी शेती. बाप अंबरनाथच्या आनंदनगर भागातल्या एका कारखान्यात लागला म्हणून घर इकडे आलेलं. आगरी कुटुंब. पोर चुणचुणीत, डोळे सतत काहीतरी शोधणारे. पण खोलीत आली की तिचं काहीतरी बिनसायचं. ओठ हलायचे, बोटं टेबलावर ठेका धरायची, आणि मग हळूच एक गुणगुण सुरू व्हायची. माझी नजर गेली की ती चटकन थांबायची, पुन्हा पुस्तकात बघायची आणि बघतच राहायची. पान उलटत नसे. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, मनात वाचून मना काय ध्यानात राहात नाय. भायेर ओट्यावर बसू? हलू आवाजात वाचीन." मी म्हटलं, "आज तू बाहेर बसलीस की उद्या सगळीच बसतील." मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, खुर्चीचे बूट उरलेत ना? हिच्या तोंडाला एक घाला!" मुलं हसली. त्या खोलीत हसण्याला मनाई होती, पण मी त्यांना गप्प केलं नाही. मीही हसले.

सहामाहीत तिचे गुण घसरले. मी तिला माझ्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. मला वाटे, अधिक शांतता मिळाली की येईल. शांततेचा डोस वाढवत गेले, दुसरं काय. ती ताठ बसायची. ओठही हलवेनाशी झाली.

आता ते सांगते, जे यजमानांनाही कधी सांगितलं नाही. एका संध्याकाळी मुलं गेल्यावर मी मागच्या दारी कपडे काढायला गेले. वसाहतीच्या नळावर ती धाकट्या बहिणीला घेऊन पाणी भरत होती आणि गात होती. गाण्यात आमचा भूगोलाचा धडा होता. गोदावरी त्र्यंबकच्या डोंगरातून निघते इथपासून तिला मिळणाऱ्या नद्यांपर्यंत, एकही नाव न चुकता, कुठलीशी संथ, वळसे घेणारी चाल लावून. बहीण मागून ओढून म्हणत होती. त्याच नद्या चाचणीत तिला आठवल्या नव्हत्या. वाळलेले कपडे हातात घेऊन मी दोरीमागं उभी राहिले. मला सगळं कळलं होतं. आपल्याला कळलंच नव्हतं, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण कळलं होतं. तिला गाऊ द्यायचं तर खोली मोडावी लागणार होती आणि खोली तर देऊळ झाली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिची आई आली. पदरात वालाच्या शेंगा बांधून आणल्या होत्या. खुर्चीवर बसली नाही, दाराशी टेकली. म्हणाली, "बाई, खरं सांगा. पोरीला शालेत ठेवू का काढू? हिचा बाप म्हनतो, डोक्यात नसल तर उगा कशाला? मी बोलले, बाईंना इचारते. बाई सांगतील तसा करू." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एवढा भरवसा माझ्यावर पुढं कुणी टाकला नाही. मुलगी आईच्या मागं उभी होती, खुर्चीच्या पायातलं रबर अंगठ्यानं दाबत. आणि मी, सरळ, शांत आवाजात म्हटलं, "तिचं मन लागत नाही अभ्यासात. जबरदस्ती करून काय उपयोग?" वाक्य सौम्य होतं. कुणाला लागेल असा एकही शब्द त्यात नव्हता. आईनं मान हलवली, पदर सोडून शेंगा उंबऱ्यावर ओतल्या आणि मुलीला म्हणाली, "चल गो." ती गेली. दुसऱ्या दिवसापासून वर्गातलं तिचं नाव पुकारून मी क्षणभर थांबायची. मग पुढं हजेरीपटातून ते नावच निघालं.

खोली आणखी काही वर्षं चालली. त्यातून शिकून गेलेली मुलं आजही रस्त्यात पाया पडतात. त्यांचं भलं झालं, ते मी नाकारत नाही. पुढं यजमानांनी कंपनी सोडली, आम्ही वसाहतीतून बदलापूरला राहायला आलो. इथं आल्यावर एका विद्यार्थ्याच्या हळदीचं आमंत्रण आलं, डोंगराकडच्या एका गावातलं. मांडवात शिरले आणि ती चाल कानांवर पडली. नळावरची. संथ, वळसे घेणारी. मांडवाच्या मध्यावर एक बाई बसून धवले गात होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीच्या गाण्यावाचून हळद लागत नाही. देवांना आवतण, नात्यागोत्याची नावं, विधींचा क्रम सगळं तिच्या गळ्यात असतं, कागद कुठं नसतो. गाणारी होती तीच आई. आणि तिच्या शेजारी मागून ओढून म्हणणारी, कडेवर मूल घेतलेली, माझी विद्यार्थिनी.

त्या घरात सगळं ज्ञान असं गळ्यातूनच आलेलं होतं. पोरगी शाळेत येताना तीच रीत घेऊन आली होती, दुसरी तिला ठाऊक नव्हती.

मला पाहून ती उठली, वाकली. मी "कशी आहेस" म्हटलं. ती हसली. डोळ्यांत तीच जुनी चमक. "बाई, आता तरी गाऊ का?" आजूबाजूच्या बायका खिदळल्या. एक म्हणाली, "गा गो, बाईंना तुझी शाला ऐकव!" तिनं मूल मांडीवर घेतलं आणि गायली:

"गोदाबाय निंगाली गो तिंबकाचे डोंगरी,
वाटंला भेटली दारना, आली गो परवरा,
पूर्ना बहिन आली, मांजरा बहिन आली..."

बायका हसत हसत झेलत होत्या. आणि ती मध्येच थांबली. चाल पुढं जायला निघाली होती, पण शब्द संपले. कुणीतरी म्हणालं, "मंग फुरं?" ती माझ्याकडे बघून अगदी साधेपणानं म्हणाली, "फुरचा धडा होयाच्या आधी शाला सुटली ना." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला काही धरायला मिळालं असतं. तिनं समोरच्या ताटातली हळद बोटांवर घेऊन माझ्या गालाला लावली आणि ती आईच्या सुरात परत मिसळून गेली.

पुढचा धडा भीमेचा होता.

काल मी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, अभ्यासिकेच्या मागं मीटरच्या खोलीला लागून जी अडगळीची जागा आहे, ती मोकळी करून द्या. दाराला कडी लावा, एक दिवा लावा, सतरंजी मी देते. पाटी त्या दारावर लिहू: इथं मोठ्यानं वाचावं. ते गोंधळले. "बाई, अभ्यासिकेत आरडाओरडा?" मी म्हटलं, "आरडाओरडा नाही हो. अभ्यास. काहींचा आवाजातच होतो." ते म्हणाले, मीटिंगला विषय ठेवतो. ठेवतील. माणूस चांगला आहे.

तिथून खाली उतरून मी त्या रंगवलेल्या खोलीत जाऊन बसले. रंग वाळला होता, वास मंदावला होता. खुर्ची ओढली तर फरशीवर करकरली, आणि तो आवाज सबंध खोलीत फिरून आला. मी तसाच फिरू दिला. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून भीमेचा धडा म्हणायला लागले. घोड येते, इंद्रायणी येते, मुळामुठा येते, नीरा येते, सीना येते. इतकी वर्षं शिकवलेलं, अडखळण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या चालीत बसवून पाहावं म्हणून पुनःपुन्हा म्हणून पाहिलं. चाल ओठांपर्यंत येते आणि वळशावर निसटते. तिचं गाव इथून फार दूर नाही. नाक्यावरून टेंपो जातो, हे मी विचारून ठेवलं आहे. पुढच्या नद्या सगळ्या माझ्याजवळ आहेत. चाल मात्र तिच्याकडे राहिली.